जुन्या ट्यूब ॲम्पमधला हम: भाग बदलण्याआधी तो कुठून येतो ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६०च्या दशकातला गिटार ॲम्प, आउटपुटला दोन ६एल६ ट्यूब, रेक्टिफायरही (एसीचा डीसी करणारा भाग) ट्यूबचाच, रिव्हर्ब आहे. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी स्पीकरमधून जाड, अखंड हम, म्हणजे गुणगुणल्यासारखा आवाज, येतो. सगळ्या ट्यूब नव्या बसवल्या, फरक नाही. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन सोडून लावल्यावर हम थोडा कमी वाटतो. आता कुणी सांगतंय की सगळे कपॅसिटर बदलून टाका.

सगळे बदलू नका. काही नक्की बदलावे लागतील, पण कोणते ते ॲम्प स्वतःच सांगतो. आधी अर्थची पिन परत जोडा, आजच. जुन्या ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी हार मानेल याचा भरवसा नसतो. ते गेलं की मेन्सचा व्होल्टेज चेसिसवर, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यावर येतो, चेसिसवरून केबलच्या शील्डमधून गिटारच्या तारांवर येतो, आणि तारा तुमच्या हातात असतात. समोरचा माइक दुसऱ्या सिस्टिमला अर्थ झालेला असेल तर ओठ टेकताक्षणी सर्किट पूर्ण होतं. अर्थ सोडल्यावर हम कमी होतो याचा अर्थ, दोन उपकरणांमध्ये ग्राउंड लूप आहे, म्हणजे त्यांच्या अर्थच्या दोन वाटांमधून करंटचा फेरा बनतोय. तुमच्या पेडलबोर्डचा अडॅप्टर किंवा दुसरा ॲम्प त्यात सामील असणार. फक्त ॲम्प, गिटार काढलेली, बाकी काहीही जोडलेलं नाही, अशा स्थितीत पुन्हा ऐका. तरीही हम तेवढाच असेल तर तो ॲम्पच्या पोटातला आहे आणि पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

अजून एक गोष्ट याच सपाट्यात उरका. त्या काळातल्या दोन वायरींच्या अमेरिकन ॲम्पमध्ये मेन्सच्या एका वायरीपासून चेसिसपर्यंत साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असायचा आणि मागे ग्राउंड स्विच. दुरुस्ती करणारे त्या कपॅसिटरला ‘डेथ कॅप’ म्हणतात, आणि ते नाव त्याने कमावलेलं आहे: तो शॉर्ट झाला की चेसिस थेट लाइव्ह. नंतर कुणी तीन पिनांची कॉर्ड बसवली असली तरी हा कपॅसिटर आत तसाच राहिलेला मी कितीदा पाहिलाय. तो काढून टाका. लाइव्ह वायर आधी फ्यूजला, मग स्विचला. अर्थच्या वायरीला चेसिसवर स्वतःचा वेगळा बोल्ट द्या आणि ती इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड ओढली गेलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल.

आत हात घालण्यापूर्वी: अशा ॲम्पमध्ये ४०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर (सप्लायचा डीसी सपाट करणारे) तो धरून बसतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना लावून कपॅसिटरच्या प्लसपासून चेसिसला काही सेकंद धरा आणि मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका, कपॅसिटरही मरतो आणि हातही दचकतो. थोड्या वेळाने पुन्हा मोजा, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर रिकामा केल्यावरही थोडा व्होल्टेज परत वर येतो. चालू ॲम्पमध्ये मोजताना काळी क्लिप चेसिसला अडकवून ठेवायची, एकच हात वापरायचा, दुसरा खिशात. यातलं काही नवखं वाटत असेल तर आतल्या कामासाठी जाणकाराला बोलवा. ऐकण्याच्या चाचण्या मात्र कुणीही करू शकतो, आणि निम्मं निदान तिथेच होतं.

आता कानाने. हम दोन जातींचा असतो. एक मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे ५० हर्ट्झचा. दुसरा त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचा, कारण फुल-वेव्ह रेक्टिफायर एसीच्या दोन्ही बाजू उचलतो. जिथे मेन्स ६० हर्ट्झ आहे तिथे हे आकडे ६० आणि १२०. गिटार तुमच्या हातात आहेच, तिचाच उपयोग करा. जाड ई तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी, ९८ हर्ट्झ. ॲम्पचा हम त्याच्याशी जवळजवळ जुळत असेल तर तो १०० चा. ६० हर्ट्झच्या मेन्सवर दुप्पट हम ए तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या मधोमध पडतो. ५० चा हम त्या जीच्याही एक सप्तक खाली असतो. गिटारचे स्पीकर इतक्या खाली फारसे वाजत नाहीत, त्यामुळे तो ऐकू येण्यापेक्षा कोनवर अलगद बोट ठेवल्यावर जास्त जाणवतो. पोतही वेगळा असतो. हीटरकडून, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेकडून येणारा ५० चा हम गुळगुळीत, गोल असतो. पॉवर सप्लायचा १०० चा खरखरीत असतो, कारण रिपलचा, म्हणजे डीसीवर उरलेल्या लाटेचा, आकार करवतीच्या दातासारखा असतो आणि त्यात २००, ३०० हर्ट्झचे हार्मोनिक्स भरलेले असतात. खात्री नसेल तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही ॲप लावून फोन स्पीकरसमोर धरा.

१०० चा निघाला तर फिल्टर कपॅसिटर, आउटपुट ट्यूबचा असमतोल किंवा ग्राउंडची वाट. ५० चा निघाला तर हीटर, बायस सप्लाय (आउटपुट ट्यूबचा शांत असतानाचा करंट ठरवणारा व्होल्टेज), इनपुटकडची उघडी वायरिंग, किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. एक फसवा अपवाद ध्यानात ठेवा: रेक्टिफायरची एक बाजू मेली किंवा हाय टेन्शन (ट्यूबना उच्च व्होल्टेज देणाऱ्या) वाइंडिंगचा एक अर्धा तुटला की रेक्टिफायर हाफ-वेव्ह होतो आणि पॉवर सप्लायच मोठ्याने ५० वर हम करू लागतो. तेव्हा हीटरच्या मागे लागून काही हाती लागत नाही.

नॉबची चाचणी तुम्ही केलीच आहे. व्हॉल्यूमने हम बदलत नाही, म्हणजे तो व्हॉल्यूम पॉटच्या नंतर शिरतोय. पुढे ॲम्प स्टँडबायवर टाकून बघा, म्हणजे ट्यूब गरम राहतात पण त्यांचा उच्च व्होल्टेज तुटतो. हम लगेच किंवा दोन-तीन सेकंदांत विरला तर तो ट्यूबमधून येतोय. स्टँडबायवरही तसाच राहिला तर पॉवर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लागतंय, किंवा आवाज स्पीकरमधून येतच नाहीये, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या थरथरताहेत. कान चेसिसजवळ नेला की हे कळतं. अशा वेळी बोल्ट आवळण्यापलीकडे फारसं काही करायचं नसतं.

यानंतरची चाचणी सगळ्यात मोलाची आहे. ॲम्प बंद करा, थंड होऊ द्या, आणि फेज इन्व्हर्टरची ट्यूब काढा, म्हणजे आउटपुट ट्यूबच्या सगळ्यात जवळची छोटी, जी सिग्नलच्या दोन उलट्या प्रती करून त्या दोघींना देते. स्पीकर जोडलेलाच ठेवा. आउटपुट ट्यूब बसवलेल्या असताना स्पीकरशिवाय ॲम्प कधीही चालू करायचा नाही. आता चालू केल्यावर हम गेला तर दोष इन्व्हर्टरमध्ये किंवा त्याच्या आधी आहे, तेवढाच राहिला तर आउटपुट स्टेज आणि तिच्या सप्लायमध्ये. हम गेला असेल तर इन्व्हर्टर परत बसवून त्याच्या आधीच्या ट्यूब एकेक करून काढत इनपुटकडे जा. जी काढल्यावर हम थांबतो, तिथपर्यंत किंवा तिच्या आधी कुठेतरी तो शिरतोय. आणखी एक आधीची काढल्यावर फरक पडला नाही, तर त्याच स्टेजमध्ये. (हीटर सिरीजमध्ये जोडलेले, पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेले काही छोटे जुने ॲम्प असतात. तिथे एक ट्यूब काढली की सगळ्याच विझतात आणि ही चाचणी चालत नाही. तुमच्यात तसं नाही.)

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की इन्व्हर्टर काढल्यावरही हम राहील. तर मग फिल्टर कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने वाळतो, विशेषतः तापलेल्या ट्यूबशेजारी, आणि साठ वर्षांपूर्वीचे मूळचे कपॅसिटर अजून आत असतील तर ते बदलायचेच, हम असो वा नसो. टोकाशी फुगवटा, पांढरी बुरशीसारखी पूड किंवा तपकिरी चिकट द्रव दिसला तर मोजायचीही गरज नाही. पण वरून स्वच्छ दिसणाराही आतून कोरडा असू शकतो, म्हणून मोजणं शिका. चालू ॲम्पमध्ये कपॅसिटरच्या प्लसवर मीटर एसीवर ठेवून रिपल बघायचा. काही स्वस्त मीटर डीसीमुळे एसीचा आकडा चुकीचा दाखवतात, म्हणून लाल प्रोबच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घाला.

किती रिपल योग्य, याचा हिशेब सोपा आहे: करंट भागिले (फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स). दोन ६एल६चा ॲम्प शांत असताना ढोबळमानाने १०० मिलिॲम्पियर घेतो. पहिला कपॅसिटर ४० मायक्रोफॅरडचा असेल तर १०० हर्ट्झवर शिखरापासून तळापर्यंत जास्तीत जास्त २५ व्होल्ट, मीटरवर साधारण ७. म्हणजे तिथे ६-७ व्होल्ट एसी दिसला म्हणून घाबरू नका, तो त्या ॲम्पचा स्वभाव आहे. २० दिसला तर कपॅसिटर गेला. पुढे चोक, म्हणजे रिपल अडवणारी कॉइल, असतो. ४ हेन्रीचा चोक १०० हर्ट्झला अडीच हजार ओहम अडवतो आणि त्याच्यामागचा २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८० ओहमने जमिनीला नेतो, म्हणजे रिपल तीसेक पट घटतो आणि स्क्रीनच्या (आउटपुट ट्यूबच्या दुसऱ्या ग्रिडच्या) नोडवर, म्हणजे सप्लायच्या त्या कपॅसिटरच्या प्लसच्या सांध्यावर, पाव व्होल्टच्या आसपास उरायला हवा. त्यापुढच्या १० किलोओहमच्या रेझिस्टरनंतर तो दोन-चार मिलिव्होल्टवर येतो. प्रत्येक नोडवर असा अपेक्षित आकडा काढून शेजारी मोजलेला लिहा. जिथे दोघांची गाठ पडत नाही तिथे आजारी कपॅसिटर आहे. मिलिव्होल्टच्या जागी अर्धा व्होल्ट दिसला तर कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्या ग्राउंडच्या टोकाचं सोल्डर बघा. तो धडधाकट असूनही जमिनीपासून सुटलेला असू शकतो.

संशयित कपॅसिटरला नवा समांतर जोडून ऐकण्याची जुनी पद्धत चालते, पण ॲम्प बंद आणि डिस्चार्ज केलेला असताना क्लिपांनी जोडायचा, पोलॅरिटी दोनदा तपासायची, मग चालू करायचं. चालू ॲम्पमध्ये नवा कपॅसिटर टेकवून बघणारे लोक आहेत. तसं करू नका.

बदलताना मोठा कपॅसिटर घालण्याचा मोह टाळा. रेक्टिफायर ट्यूबला पहिल्या कपॅसिटरची मर्यादा असते: जीझेड३४ला ६० मायक्रोफॅरड, आणि ५वाय३सारख्या छोट्या ट्यूबला याहून बरीच कमी. मर्यादा ओलांडली तर चालू होतानाच्या करंटच्या लोंढ्यात ट्यूबमध्ये ठिणग्या पडतात. मूळ मूल्याच्या जवळ राहा, व्होल्टेज रेटिंग मूळ किंवा जास्त. काही मोठ्या ॲम्पमध्ये ३५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतात आणि प्रत्येकावर २२० किलोओहमचा रेझिस्टर व्होल्टेज सारखा वाटून देतो. ते रेझिस्टर वर्षानुवर्षांत सरकतात. कपॅसिटर बदलले आणि ते जुनेच ठेवले तर नव्यांपैकी एकावर जास्त भार येतो.

रिपल ठीक आहे, तरी १०० चा हम आहे? मग आउटपुट ट्यूबकडे वळा. दोन ट्यूबचा पुश-पुल आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून सारखाच आलेला रिपल आपसांत खोडून टाकतो. म्हणूनच पहिल्या नोडवर ७ व्होल्ट असूनही चांगला ॲम्प शांत असतो. एका ट्यूबमधून ४० मिलिॲम्पियर आणि दुसरीतून २५ जात असेल तर ही खोडाखोड अपुरी राहते आणि बाकी उरलेलं स्पीकरला मिळतं. प्रत्येकीच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर घालून मिलिव्होल्ट मोजले की तेवढेच मिलिॲम्पियर. तीन-चारचा फरक चालतो. मोठा फरक दिसला तर दोन्ही ट्यूबची अदलाबदल करा. फरक ट्यूबबरोबर गेला तर जोडी जुळलेली नाही, आणि नव्या ट्यूबही न जुळलेल्या येतात, ‘नवीन बसवल्या’ म्हणून त्यांना सोडू नका. फरक सॉकेटपाशीच राहिला तर ग्रिडचे (ट्यूबच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाचे) रेझिस्टर, सॉकेटची ढिली पकड किंवा गळणारा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा). छोट्या सिंगल-एंडेड ॲम्पमध्ये आउटपुटला एकच ट्यूब असल्यामुळे अशी खोडाखोड नसतेच, तिथे थोडा हम मूळ डिझाइनचाच भाग असतो.

बायस सप्लायकडे सगळेच दुर्लक्ष करतात. फिक्स्ड बायस असेल तर एक छोटा डायोड आणि एक छोटा इलेक्ट्रोलिटिक मिळून निगेटिव्ह व्होल्टेज तयार करतात. हा सप्लाय हाफ-वेव्ह असतो, म्हणून त्याचा रिपल ५० हर्ट्झचा, आणि तो थेट आउटपुट ट्यूबच्या ग्रिडवर जातो. हा कपॅसिटर हमसाठी नाही, ट्यूबच्या जिवासाठी बदला: तो गेला तर बायस ढासळतो आणि प्लेट लाल होतात. बसवताना प्लस टोक चेसिसकडे, कारण व्होल्टेज निगेटिव्ह आहे. दुसऱ्यांनी ‘दुरुस्त’ केलेल्या ॲम्पमध्ये नेमका हाच उलटा लावलेला सापडतो.

हम ५० चा आणि गुळगुळीत असेल तर हीटर. ६.३ व्होल्टच्या एसी लाइनची दोन्ही टोकं चेसिसच्या मानाने सारखी असावी लागतात. त्यासाठी वाइंडिंगला सेंटर टॅप असतो किंवा प्रत्येक बाजूपासून चेसिसला १०० ओहमचा रेझिस्टर. आउटपुट ट्यूब कधी आत शॉर्ट झाली तर या दोघांपैकी एक रेझिस्टर फ्यूजसारखा जळतो, ट्यूब बदलली जाते, रेझिस्टर तसाच राहतो आणि ॲम्प हम करत राहतो. पायलट दिव्याच्या होल्डरवर बघा, बहुतेक तिथेच काळवंडलेला सापडेल. बंद ॲम्पमध्ये मोजताना लक्षात घ्या की हीटर वाइंडिंग दोन्ही टोकं जोडते, म्हणून चेसिसपर्यंत ५० ओहमच्या आसपास दिसायला हवं. १०० दिसलं तर एक उडालाय. हीटरच्या वायरी घट्ट पिळलेल्या आणि ग्रिडच्या वायरींपासून दूर हव्यात. पहिल्या स्टेजच्या १२एएक्स७ ट्यूबमध्ये हीटरपासून कॅथोडला गळती असली तरी असाच हम येतो. ट्यूब बदलल्याने तो जातो. तरी थोडा उरला तर हीटरचा सेंटर टॅप चेसिसऐवजी ३०-४० व्होल्ट डीसीवर ठेवला की ती गळती जवळजवळ थांबते. तो व्होल्टेज सप्लायवरून दोन रेझिस्टरने पाडायचा आणि कपॅसिटरने स्थिर करायचा.

ग्राउंडबद्दल एक ओळखीची तक्रार ऐकू येते: कपॅसिटर बदलले आणि हम वाढला. कारण बहुधा हेच असतं की बदलणाऱ्याने जवळची सोयीची जागा बघून सगळी मायनस टोकं एका लगवर (सोल्डर करायच्या पत्रीवर) आणली. पहिल्या कपॅसिटरच्या ग्राउंडमधून दर सेकंदाला शंभर वेळा चार्जिंगचे जबर ठोके जातात. त्याचं मायनस आणि ट्रान्सफॉर्मरच्या हाय टेन्शनचा सेंटर टॅप एकाच जागी, ट्रान्सफॉर्मरजवळ जुळायला हवेत. प्रीॲम्पचं ग्राउंड इनपुट जॅकच्या बाजूला. दोघांचा रस्ता एक झाला की ते ठोके पहिल्या ट्यूबला सिग्नल वाटतात. म्हणून काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीचा फोटो घ्या. पॉटच्या मागच्या पितळी पट्टीवर ग्राउंड असेल तर नट सैल करून गंज घासून पुन्हा आवळा. या दहा मिनिटांच्या कामाने बरेच ॲम्प शांत होतात.

इनपुट जॅक आणि रिव्हर्बचं तुमच्या मुख्य तक्रारीशी नातं दिसत नाही, तरी सांगून ठेवतो. गिटार काढल्यावर व्हॉल्यूम चढवताच हम वाढत असेल तर जॅकमधला स्विच ग्रिडला जमिनीला टेकवत नाहीये; कॉन्टॅक्ट साफ करा. रिव्हर्बच्या नॉबने हम वाढत असेल तर टाकीच्या (रिव्हर्बच्या स्प्रिंगच्या डब्याच्या) आउटपुटच्या केबलचं शील्ड तपासा आणि टाकी टोकाकडून टोक फिरवून लावा, म्हणजे तिची नाजूक पिकअप कॉइल पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून दूर जाईल.

तुमच्याकडे मी या क्रमाने जाईन: अर्थ परत जोडणं आणि डेथ कॅप काढणं, कानाने ५० की १०० ठरवणं, इन्व्हर्टर काढून ऐकणं, मग प्रत्येक नोडचा रिपल आणि दोन्ही ६एल६चा करंट लिहून काढणं. सिग्नलचे कपलिंग कपॅसिटर आणि जुने कार्बन रेझिस्टर गळती किंवा मूल्य मोजून दोषी ठरल्याशिवाय काढू नका. ॲम्पचा आवाज त्यांच्यात आहे, हम नाही. जे काढाल ते पिशवीत घालून कॅबिनेटच्या तळाला ठेवून द्या. नव्या फिल्टर कपॅसिटरनंतर पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये सिरीजला १०० वॅटचा तारेचा बल्ब लावा. तो क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, प्रखर पेटून राहिला तर लगेच बंद करा आणि पोलॅरिटी बघा. सगळं ठीक निघालं की बल्ब काढून बायस पुन्हा मोजा, कारण सप्लाय सुधारल्यावर प्लेटचा व्होल्टेज थोडा वर जातो आणि आधीची सेटिंग ट्यूबना जास्त तापवू शकते. मोजलेले आकडे कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.